जोसेफदादाचा आतला खिसा

घराबाहेर पडण्याआधी जोसेफ झिराडकर डाव्या छातीवर हात ठेवायचा. कोटावरूनच, हलकेच, निजलेल्या मुलाला थोपटावं तसा. आतल्या खिशात किल्ली, गाडीचा पास आणि प्रार्थनेला घालायची गोल टोपी असायची. तिन्ही वस्तू हाताला लागल्या की तो स्वतःशीच म्हणायचा, "आहे." मग दार ओढून घ्यायचा.

बायको होती तोवर ती स्वैपाकघरातून ओरडायची, "अहो, हृदय कुठं जात नाही, असतं तिथंच!" सोफी गेली. थोपटणं राहिलं.

तो खिसा शिवला होता त्याच्या धाकट्या बहिणीनं. नाओमी लंडनच्या पिनर भागात राहते. घराच्या रस्त्याकडच्या खोलीत, खिडकीशी, तिचं शिलाई मशीन आहे. पँटा आखूड करायच्या, शाळेचे ब्लेझर सैल करायचे, कुणाच्या लग्नाचा ब्लाउज ऐनवेळी उसवून पुन्हा शिवायचा, अशी कामं येतात; पण आसपास तिचं नाव झालं ते आतल्या खिशांमुळे. दम्याचा पंप, इन्सुलिनचं पेन, कानातल्या मशीनची डबी, जे जवळ हवं पण दिसायला नको ते सगळं नाओमीच्या खिशात बसतं. "दुकानातल्या कोटाचा खिसा म्हणजे नकोशा पाहुण्याला दिलेला अर्धा कप चहा," असं ती म्हणते. "दिल्यासारखं करायचं, पोटात काही जाऊ द्यायचं नाही."

तिची रीत ठरलेली आहे. वस्तू कागदावर ठेवून पेन्सिलीनं तिची कड काढायची. तसा पुठ्ठा कापायचा. वस्तूच्या वजनाइतके तांदूळ एका छोट्या पिशवीत भरायचे. खिसा आधी नुसत्या कच्च्या दोऱ्यानं लावायचा, पुठ्ठा आणि तांदळाची पिशवी त्यात ठेवायची आणि कोट एक-दोन दिवस टांगून ठेवायचा. कापड कुठं ओढलं जातं, कुठं फुगतं, ते मग कापडच सांगतं. त्यानंतर पक्की शिवण.

भायखळ्याहून ही भावंडं आई-बापांबरोबर इंग्लंडला आली तेव्हा जोसेफ शाळकरी होता. मोठा झाल्यावर तो लंडनच्या ट्यूब रेल्वेच्या तिकीट खिडकीत लागला आणि जवळजवळ सगळी नोकरी त्यानं काचेमागे काढली. काचेपलीकडून माणसं ओरडायची, दारू पिऊन भांडायची, एकदा एकानं काचेवर नाणीही फेकून मारली होती. जोसेफ हसून म्हणायचा, "मला काय! मी शोकेसमधला." पुढे खिडक्या बंद झाल्या आणि तो फाटकापाशी उघड्यावर उभा राहू लागला. तेव्हापासून त्याची पाठ सारखी दुखायची. "काच गेली ना," तो म्हणायचा, "वारा लागतो."

निवृत्त झाल्यावर, मराठी बोलणाऱ्या यहुद्यांची त्यांची छोटी मंडळी जिथं प्रार्थनेला जमायची त्या भाड्याच्या हॉलच्या दारात तो उभा राहू लागला. आलेल्याला एका दमात "शालोम, या, बसा" म्हणायचा. दिया नावाच्या एका छोटीला दर वेळी खिशातून लिमलेटची गोळी काढून द्यायचा. दारात उभं राहायचं ते खरं तर सुरक्षेसाठी. पण जोसेफला बघून कुणाला सुरक्षा आठवायची नाही. घरच्या कार्याला आल्यासारखं वाटायचं.

त्या वर्षी बातम्या वाईट होत्या. रोज कुठल्या तरी शहरात यहुद्यांवर हल्ल्याचं काही तरी. ऑक्टोबरमध्ये एका संध्याकाळी प्रार्थनेहून परतताना जोसेफ डोक्यावरची टोपी काढून खिशात ठेवायला विसरला. स्टेशनच्या जिन्यात मागून एक तरुण आला, त्यानं टोपी उडवली, दोन शब्द बोलला आणि धक्का दिला. जोसेफचं उजवं मनगट मोडलं, पुढचा दात पडला. ते दोन शब्द कुठले, हे त्यानं नाओमीला कधीही सांगितलं नाही. ती विचारायची तेव्हा तो जिभेनं दाताची रिकामी जागा चाचपायचा.

मग भीती घरात राहायला आली. दाराला दुसरं कुलूप बसलं. बसमध्ये तो वरच्या मजल्यावर जाईनासा झाला. कॅफेत भिंतीला पाठ लावून बसायला मिळालं नाही तर चहा अर्धा सोडून उठायचा. हॉलच्या दारातलं काम त्यानं सोडून दिलं. हात दुखतो, असं कारण सांगितलं. रीडिंग शहरात राहणारा त्याचा मुलगा लिऑर दर रविवारी यायचा, फ्रीज भरून जायचा आणि जाताना आत्याला फोन करायचा. "आत्या, पप्पा ओके वाटतात ना?"

"वाटतात," नाओमी म्हणायची. वाटायचाही.

हात प्लास्टरमध्ये होता तोवर जोसेफ दिवसभर टॅबलेटवर काही तरी बघत बसायचा. नाओमीला वाटलं, क्रिकेट असेल.

जानेवारीतल्या एका दुपारी तो आपला काळा लोकरी कोट घेऊन तिच्याकडे आला.

"काय रे दादा, फाटला?"

"नाही. डावीकडचा खिसा मोठा करायचाय. किल्ली-पास उजवीकडे हलव."

"आणि डावीकडे काय?"

"कॅमेरा घेतोय. पक्ष्यांचे फोटो काढायला."

नाओमी हसली. "तुला कबूतर आणि कावळा सोडून तिसरा पक्षी ओळखता येतो का?"

"शिकेन."

"बरं, शिक. आण कॅमेरा."

"घेतला नाही अजून. दोन आहेत मनात. कुठला, ते ठरायचंय." त्यानं वर्तमानपत्रात गुंडाळलेले दोन पुठ्ठे काढले. बहिणीची रीत त्याला पाठ होती, म्हणून कड काढून, कापून तोच घेऊन आला होता. "हे माप. वजनं मागे लिहिलीत."

नाओमीनं सवयीनं पहिला पुठ्ठा कागदावर ठेवला आणि पेन्सिल फिरवायला घेतली. आखूड सरळ कड. मग एक गोल फुगवटा. मग खाली वळणारी, तळव्यात बसेल अशी मूठ. डोळ्यांआधी तिच्या हाताला कळलं. पेन्सिल तिथंच थांबली.

"दादा, हे काय आहे?"

जोसेफ खिडकीबाहेर बघत होता. समोर एक बाई बाबागाडी ढकलत चालली होती. "लहानच आहे," तो म्हणाला. "तळहाताएवढं."

"काय आहे, विचारतेय मी."

"मॅग्नम."

"रिव्हॉल्वर म्हण की. तोंड भाजतं का?"

तो एकदम तिच्याकडे वळला, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्याच्या बोलण्यात जीव आला. टॅबलेटवर टोपी घातलेला एक दाढीवाला अमेरिकन माणूस टेबलावर एकेक रिव्हॉल्वर मांडतो आणि फार शांतपणे समजावून सांगतो, हे त्यानं तिला सांगितलं. पहिला पुठ्ठा पाच गोळ्यांचा, हलका. पण मॅग्नमची गोळी जबर, आणि वस्तू जितकी हलकी तितका हाताला झटका जास्त. दुसरा सहा गोळ्यांचा, जड; तो हातात ठरतो, पण कोट ओढतो.

"माझं मनगट असं. हलकं झेपायचं नाही. जड घेतलं तर वरून दिसेल. म्हणून तुझ्याकडे आलो. दिसता कामा नये, नाओमी. तुझा खिसा दिसत नाही."

"ह्या देशात ते नुसतं घरात ठेवलं तरी तुरुंग आहे. माहितीय ना?"

"माहितीय."

"मग?"

"तुरुंगाला दार असतं," जोसेफ म्हणाला. "जिन्याला नसतं."

नाओमीला आपल्याच मशीनची धडधड ऐकू येतेय असं वाटलं. मशीन तर बंद होतं. "कोण देणारेय तुला?"

"आहे एक. कुठलं हवं ते सांग म्हणालाय. मी म्हटलं, कोट झाला की सांगतो."

हे एवढं एक वाक्य नाओमीनं घट्ट धरून ठेवलं. कोट झाला की. तिनं पुठ्ठे उचलले, पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळले आणि आवाज होता होईल तेवढा रोजच्यासारखा ठेवून म्हणाली, "ठेव. बघते."

शिंप्याचा वायदा कधी खरा होत नाही, असं जग म्हणतं. नाओमीनं आयुष्यभर कपडे वेळेवर देऊन जगाला खोटं पाडलं होतं. आता ती जगाचं म्हणणं खरं करायला बसली. पोलिसांना सांगावं तर दादाला नेतील. लिऑरला सांगावं तर तो घाबरून पोलिसांनाच सांगेल. नाही म्हणावं तर दादा दुसऱ्या शिंप्याकडे जाईल, किंवा खिशाशिवायच त्या माणसाला होकार देईल. उरला होता तो हा कोट. तो पुरा होऊ द्यायचा नाही.

पहिल्या आठवड्यात ती म्हणाली, "जड आहे ते फार ओढतं. खांदा उतरतो बघ." जोसेफनं आरशात पाहिलं, मान डोलावली. पुढच्या वेळी म्हणाली, "हे हलकंसुद्धा फुगतं. आणि घोडा असा मागे वर आलाय, तो अस्तरात अडकेल. काढायला जाशील तर अर्धा कोट बाहेर येईल."

"बरोबर!" जोसेफ म्हणाला. "तो टॅबलेटवरचा माणूसही तेच म्हणतो. घोडा आत लपलेलं बघायला हवं." तो घरी गेला आणि घोडा आत लपलेल्याचा पुठ्ठा घेऊन आला. मग तिनं मुठीला नावं ठेवली. मग नळीला. प्रत्येक वेळी तो नवा पुठ्ठा आणायचा. ती कच्चा दोरा घालायची, उसवायची, पुन्हा घालायची. अस्तराला पडलेली सुईची भोकं वाढत गेली.

तो निवडत राहील तोवर घेणार नाही, हा तिचा हिशोब. हिशोब चुकला नव्हता. पण निवडता निवडता त्याला त्याची गोडी लागली होती. तिच्या खुर्चीत बसून तो चहा प्यायचा, वजनं सांगायचा, बहिणीच्या हुशारीचं कौतुक करायचा. लहानपणीही त्यांनी असं शेजारी बसून काही केलं नव्हतं. कधी कधी नाओमीला वाटायचं, दादा बरा होतोय. मग तिला त्याच्यासमोरचा पुठ्ठा दिसायचा.

एके दिवशी पुठ्ठ्याऐवजी त्यानं लाकडाचंच आणलं. जुन्या खुर्चीच्या पायातून कोरून, पॉलिश पेपरनं घासून, काळा रंग देऊन. "पुठ्ठ्याला जाडी नसते," तो म्हणाला. मशीनवर, दोऱ्याच्या रिळांशेजारी ते पडलं होतं. लाकूडच ते. तरी नाओमीला त्याच्याकडे पाठ करून बसवेना.

भीती दादाच्या अंगावरून तिच्या अंगावर आली होती, कोटाला कोट लागून धागे चिकटतात तशी. दारावरची बेल वाजली की ती दचकायची. रस्त्यातून सायरन गेला की तिचा पाय मशीनवर थांबायचा. तो काळा कोट तिनं एका नवरीच्या गाऊनच्या कव्हरमध्ये दडवला. एकदा एका गिऱ्हाइकानं सहज त्या कव्हरला हात लावला, तर ती इतक्या जोरात "नको!" म्हणाली की ती बाई पुन्हा आली नाही. लिऑरचा फोन आला की ती हवेबद्दल बोलायची.

"आत्या, तुमचा आवाज असा का येतोय?"

"सर्दी झालीय रे."

जोसेफ जिन्यात पडला तेव्हा नाओमी एक नवस बोलली होती: दादाचा हात बरा होऊ दे, एलियाहू हन्नबीला मलिदा करीन. त्यांच्या मंडळींत संकट टळलं की या प्रेषिताच्या नावानं मलिदा होतो. भिजवलेल्या पोह्यांत साखर, ओलं खोबरं, वेलची. वर फळांच्या फोडी आणि गुलाबाच्या पाकळ्या. ताटाभोवती उभं राहून प्रार्थना, आणि मग सगळ्यांच्या हातावर मूठ मूठ. फेब्रुवारीत मनगट बरं झाल्याचं डॉक्टरांनी सांगितलं. नाओमीनं एका रविवारची दुपार ठरवली. मनात तिनं आणखी एक ठरवलं होतं: त्या ताटासमोर, सगळ्यांच्या देखत, दादाला म्हणायचं, आता हात बरा झाला, संकट गेलं, तो कोट माझ्याकडेच राहू दे. ताटासमोर तो नाही म्हणणार नाही.

रविवारी ती खोबरं-पोहे घेऊन लवकरच हॉलवर गेली. जोसेफ मागून येणार होता. तिच्या घराची किल्ली त्याच्याकडे असायची.

बाहेर बोचरा वारा होता. जोसेफ वाटेत तिच्या घरी शिरला, कव्हरमधून आपला कोट काढला. अंगात घालून आरशात पाहिलं. कच्च्या दोऱ्याच्या खिशात ते लाकूड होतं, तांदळाची पिशवी होती. काहीच दिसत नव्हतं. खरोखर काहीच दिसत नव्हतं. त्यानं डाव्या छातीवर हात ठेवला. "आहे," तो म्हणाला. हे सगळं त्यानंच नंतर बहिणीला सांगितलं. एवढी वाट चालून बघू, लोकांना कळतं का, असं त्याच्या मनात आलं होतं.

हॉलच्या दारात आता त्याच्या जागी ईडन उभा असायचा. इथंच जन्मलेला, कॉलेजात शिकणारा, उंच मुलगा. दारात कसं उभं राहायचं, याचं रीतसर ट्रेनिंग त्याला मिळालं होतं. जोसेफ पुढच्या दारानं आला असता तर ईडननं त्याला ओळखलं असतं. पण पुढच्या दाराशी रस्ता, रस्त्यावर माणसं. जोसेफ हल्ली भिंतीच्या कडेनं चालायचा. मफलर नाकापर्यंत, लोकरी टोपी भुवयांपर्यंत. तो कार पार्ककडून आला आणि बाजूच्या दाराकडे वळला. ईडनला लांबून दिसलं ते इतकंच: तोंड झाकलेला एक माणूस, कोटात घातलेला एक हात, आणि तो माणूस मुलं असलेल्या हॉलकडे चाललेला.

त्यानं गजराचं बटण दाबलं आणि जिवाच्या आकांतानं ओरडला, "दार बंद! सगळे खाली!"

आत नाओमी ताटावर पाकळ्या पसरत होती. गजर झाला आणि खुर्च्या धडाधड पडल्या. शिकवलं होतं तशी मुलं टेबलांखाली शिरली. तेवढ्यात बाजूचं दार आपटलं आणि तिचा दादा धावत आत आला. मफलर सुटलेला, चेहरा पांढराफटक. ते आले, एवढंच त्याला कळलं होतं. जिन्यातला तो मागून आला होता, तसेच हेही मागूनच आले. जोसेफ मुलांच्या टेबलापुढे आला, दाराकडे तोंड करून उभा राहिला, आणि त्यानं खिशात हात घातला. कच्चा दोरा टर्रकन उसवला. तांदळाची पिशवी पडली, फुटली. हातात ते काळं लाकूड धरून त्यानं दाराकडे रोखलं.

दार उघडलं. दारात ईडन.

ईडननं दोन्ही हात वर केले. मग त्याला चेहरा दिसला. "जोसेफ अंकल," तो रडवेल्या आवाजात म्हणाला, "प्लीज. प्लीज, शूट नका करू."

जोसेफनं मागे वळून पाहिलं. हा मुलगा कुणाला विनवतोय, ते त्याला बघायचं होतं. मागे कुणी नव्हतं. टेबलाखाली फक्त मुलं होती. लिमलेटची गोळी घेणारी दिया टेबलाच्या पायाला मिठी मारून त्याच्याकडे बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत जे होतं ते जोसेफला ओळखीचं होतं. जिन्याच्या तळाशी पडून त्यानं वर पाहिलं होतं, तेव्हा त्याच्या डोळ्यांत तेच असणार.

तांदळावरून चालत नाओमी त्याच्याजवळ गेली. पायांखाली करकर वाजत होतं. "दादा, दे ते."

"नाओमी, ते आलेत."

"कुणी आलं नाही, दादा," ती म्हणाली. "तूच आलास."

तिनं ते लाकूड त्याच्या बोटांतून सोडवलं आणि लांबच्या मोकळ्या टेबलावर नेऊन ठेवलं. सगळ्यांना ओरडून सांगितलं, लाकूड आहे, लाकूड आहे. पण गजर पोलिसांपर्यंत गेला होता. बाहेर सायरन ऐकू येऊ लागले होते, एक नाही, बरेच. नाओमीनं दादाला खुर्चीवर बसवलं, शेजारी स्वतः बसली, आणि दोघांचे हात टेबलावर उघडे ठेवले, आपला एक तळवा त्याच्या उजव्या हातावर.

"हात इथंच ठेवायचा. काही झालं तरी खिसा चाचपायचा नाही. ऐकतोयस ना?"

"हो."

दोन्ही दारांतून काळ्या कपड्यांतले पोलीस आत आले. त्यांच्या हातांतल्या बंदुका खऱ्या होत्या. एकानं मोठ्यानं काही विचारलं. आणि नाओमीला आपल्या तळव्याखाली जोसेफचा हात हलताना जाणवला. तो घाबरला की हात छातीकडे जायचा. वर्षानुवर्षं तो तसाच जात आला होता, किल्ली, पास, टोपी. बोटं उचलली गेली. तिनं सगळा भार देऊन तो हात टेबलावर दाबला. हाडं दुखेपर्यंत दाबला. नुकतं सांधलेलं तेच मनगट.

"दादा, तुझ्या पाया पडते," ती कुजबुजली. "आहे. सगळं आहे. बघू नकोस."

हात हळूहळू थंडावला.

पुढचं सगळं फार हळू झालं. कोट तपासला गेला, लाकूड एका पिशवीत गेलं, तांदूळ हॉलभर राहिले. एक पिकल्या केसांची पोलीस बाई जोसेफसमोर खुर्ची ओढून बसली आणि समजुतीच्या आवाजात म्हणाली, लाकडाचं असलं तरी असं घेऊन फिरणं गुन्हाच आहे. आणि तुमचा हात कोटात गेला असता तर काय करायचं ते मला एका क्षणात ठरवावं लागलं असतं. मी घरी जाऊन झोपू शकले नसते. जोसेफ मान खाली घालून ऐकत होता. त्याला एकदा पोलीस स्टेशनवर जाऊन यावं लागलं, लेखी समज मिळाली. लिऑर रीडिंगहून गाडी मारत आला, पार्किंगमध्येच बापाच्या गळ्यात पडला, आणि मग आत्याशी आठवडाभर बोलला नाही.

त्या संध्याकाळी अर्धी मंडळी निघून गेली. राहिलेल्यांनी ताटाभोवती उभं राहून प्रार्थना केली. ईडन कोपऱ्यात उभा होता. जोसेफ त्याच्याकडे गेला, मूठभर मलिदा त्याच्या हातावर ठेवला.

"अंकल, माझा चूक झाला," ईडन म्हणाला.

"तुझी चूक नाही. बरोबर केलंस तू." जोसेफ म्हणाला. "फक्त दाराच्या मधोमध उभा राहू नकोस रे. जरा बाजूला राहावं."

रिव्हॉल्वर देणाऱ्या माणसाला त्यानं पुढे काही कळवलं नाही. कळवणार काय? कोट झालाच नव्हता. नाओमीनं तो खिसा उसवला आणि पहिल्यासारखा, पहिल्याच मापाचा शिवून दिला. अस्तरातली भोकं मात्र बुजली नाहीत. भीतीही एकदम गेली नाही. सायरन वाजला की भाऊ-बहीण दोघंही बोलता बोलता थांबायची आणि तो दूर जाईपर्यंत एकमेकांकडे बघायची. दियाच्या आईनं तिला बरेच आठवडे हॉलवर आणलं नाही. ज्या दिवशी आणलं त्या दिवशी जोसेफनं गोळी हातात न देता टेबलावर ठेवली आणि लांब जाऊन उभा राहिला. दियानं बराच वेळ गोळीकडे पाहिलं, मग उचलली.

एप्रिलच्या शेवटी एका दुपारी तो नाओमीकडे चहाला आला होता. कोट काढून खुर्चीवर टाकला होता, खिशातल्या वस्तू टेबलावर. बाहेर ऊन होतं. तो कसलं तरी बोलत होता. कौन्सिलनं त्याच्या रस्त्यावर लावलेली झाडं, लिऑरची नवी गाडी. मग उठला, कोट हातावर टाकला, दार उघडलं आणि सरळ चालू लागला. नाओमी खिडकीशी मशीनवर होती. तिनं पाहिलं: त्याचा उजवा हात मोकळा, अंगाबरोबर झुलत होता. छातीपाशी गेला नाही. सवयीनं तिनं मशीन थांबवलं. काय झालं याला? मग तिच्या लक्षात आलं, काहीच झालं नव्हतं. तो विसरला होता.

दोन-तीन दिवसांनी लिऑरचा फोन आला, पप्पांना हार्ट अटॅक आलाय. त्यानंतर नाओमीनं दादाला पाहिलं ते हॉस्पिटलात, आणि तिथं तो बोलला नाही, की परत घरी आला नाही.

त्या दुपारी मात्र तो फाटकापर्यंत गेला, थांबला, वळला आणि उन्हात डोळे बारीक करून खिडकीकडे बघत ओरडला,

"नाओमी, किल्ली टेबलावरच राहिली बघ. टाक खिडकीतून."